अडचणीच्या पाण्यातला सरखेल

होडीला ब्रेक नसतो. ही साधी गोष्ट मला सेकंड इयरच्या मे महिन्यात कळली. कळली तेव्हा होडीची नाळ धक्क्याच्या दगडावर आपटली होती आणि मी होडीत पालथा पडलो होतो!

त्याचं असं झालं. हॉस्टेलवरचा माझा रूम पार्टनर अलिबागचा. आम्ही पडलो नाशिककर. पाणी म्हणजे रामकुंड, पूर आला की दुतोंड्या मारुती कुठपर्यंत बुडाला त्यावरून त्याचं माप, आणि फार तर गंगापूर धरण. परीक्षा संपल्यावर त्याच्या घरी आठ दिवस राहायला गेलो. त्याचे काका नेव्हीतून रिटायर झालेले. शेवटची काही वर्षं त्यांनी मुंबईत 'आयएनएस आंग्रे'वर काढलेली. त्यांच्याकडे एक छोटी शिडाची होडी होती. तीन दिवस मी खाडीत ती चालवली आणि मला वाटलं, आलं की आपल्याला. मोकळ्या पाण्यात शिडाची होडी कुणालाही चालवता येते. वारा भरला की ती पळते, सुकाणू फिरवलं की वळते. चौथ्या दिवशी काकांनी सांगितलं, आता ती धक्क्याला लाव. धक्का जेमतेम वीस फुटांचा, दोन्ही बाजूंना मासेमारीच्या होड्या बांधलेल्या, वारा माझ्या पाठीमागून. मी सरळ आलो. शीड भरलेलं, होडी पळतेय, धक्का जवळ येतोय, आणि आता थांबायचं कसं? पुढचं वर सांगितलंच आहे.

काका रागावले नाहीत. संध्याकाळी खळ्यात बसून त्यांनी मला जे समजावलं ते आमच्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या वर्षभराच्या तासांपेक्षा जास्त डोक्यात शिरलं. सुकाणू चालतं ते त्याच्यावरून वाहणाऱ्या पाण्यावर. होडी थांबली की सुकाणू म्हणजे नुसती फळी. म्हणजे अडचणीच्या जागेत गोची अशी, की वेग ठेवला तर आपटणार आणि वेग सोडला तर वळता येणार नाही. त्यात वारा होडीला आडवं ढकलतो आणि भरती-ओहोटीचं पाणी तिसरीकडेच नेतं. वाऱ्याकडे पाठ करून धक्क्याला यायचंच नाही. खालच्या अंगाने यायचं, शेवटी नाळ वाऱ्याच्या तोंडावर धरायची, शीड फडफडलं की जोर संपतो आणि होडी आपोआप थांबते. ती कुठे थांबेल याचा अंदाज आधीच बांधायचा. तो चुकला तर वल्हं हाताशी हवं.

आणि मग काका म्हणाले की हे सगळं ज्याला आपल्यापेक्षा शंभरपट जास्त कळत होतं, त्याची समाधी इथे गावातच आहे, उद्या जाऊन ये.

कान्होजी आंग्रे! शाळेत चौथीपासून ऐकलेलं नाव. आरमार, सरखेल, इंग्रजांचा कर्दनकाळ, एवढंच पाठ. पण धक्क्यावर आपटून आलेल्या माणसाला ते वेगळंच दिसतं. परत आल्यावर लायब्ररीतून आणि इकडून तिकडून जे मिळेल ते वाचलं. त्यातून मला उमगलेले कान्होजी तुम्हाला सांगतो.

आंग्रे घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. गाव पुण्याकडचं आंगरवाडी, त्यावरून आंग्रे. म्हणजे मूळचे घाटावरचे, आपल्यासारखेच! वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात चाकरीला होते, हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गावर. कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा मानतात. किल्ला पाण्यात, उठता बसता होड्या. भोवती कोळी-भंडारी तांडेल. आपण जसं सायकल शिकतो तसं या पोराने सुकाणू धरलं असणार.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. कोकणात मोगलांच्या बाजूने जंजिऱ्याचा सिद्दी मोकाट सुटला. या धामधुमीच्या काळातली एक गोष्ट परंपरेने सांगतात. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार सिद्दीला फितूर झाला, तेव्हा तरुण कान्होजींनी त्यालाच कैद केलं, किल्ल्याचा ताबा घेतला आणि तो लढवला. तपशील इकडेतिकडे असतील, पण इथून त्यांचं नाव वर येतं हे नक्की. आरमाराचे प्रमुख सिदोजी गुजर वारल्यावर १६९८ मध्ये कान्होजी सरखेल झाले. सरखेल म्हणजे आरमाराचा मुख्य. वय असेल तिशीच्या आत-बाहेर. आपल्याकडे त्या वयात लोक पहिली नोकरी बदलत असतात.

आता जरा नकाशा डोळ्यांपुढे आणा. कान्होजींनी मुक्काम ठेवला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात. उत्तरेला, समुद्रमार्गे काही तासांवर, इंग्रजांची मुंबई. दक्षिणेला लगेच रेवदंडा-चौल पोर्तुगीजांचं. त्याच्याखाली मुरूडचा जंजिरा, सिद्दीचा. आणखी खाली गोवा, पुन्हा पोर्तुगीज. वर सुरत मोगलांची. मला तर हे आमच्या कॉलेजच्या टू-व्हीलर पार्किंगसारखं वाटलं. चारी बाजूंनी गाड्या लागलेल्या आणि आपली मधोमध. फरक एवढाच, की इथे शेजारच्या प्रत्येक गाडीवर तोफा होत्या.

आणि या गर्दीत कान्होजींकडे जहाजं कशी होती? इथे मेकॅनिकलवाल्यांनी नीट लक्ष द्या. मुख्य प्रकार दोन: गुराब आणि गलबत. गुराब मोठी, साधारण दीडशे ते तीनशे टनांची, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. लांबीच्या मानाने रुंद, पुढे निमुळती होत गेलेली, नाळ लांब आणि बसकी. तिच्या तोंडाशी दोन जड तोफा सरळ पुढे रोखलेल्या आणि हलक्या तोफा दोन्ही कुशींना. गलबत लहान, फार तर सत्तर टनांचं, एका मोठ्या तिकोनी शिडाचं. पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही! वल्ह्यांवर ते ताशी चार मैल जाई. चार मैल म्हणजे माणूस भरभर चालतो तेवढं. यात काय विशेष, असं वाटेल. पण वारा पडला की समोरच्या भल्यामोठ्या जहाजाचा वेग शून्य असतो. शून्यापुढे चार म्हणजे पुष्कळच.

युरोपीय जहाजांची ताकद होती त्यांच्या कुशीत, ओळीने लावलेल्या तोफांमध्ये. त्या तोफांसमोर उभं राहणं म्हणजे आत्महत्या. पण तोफा जहाजाला जखडलेल्या, म्हणजे नेम बदलायचा तर अख्खं जहाज वळवायला हवं. जहाज वळायला वेग हवा, वेगाला वारा हवा, आणि वळायला जागाही हवी. खोल बुडाचं, उंच बांध्याचं, चौकोनी शिडांचं ते जहाज किनाऱ्याजवळ आलं की एका बाजूला खडक, खाली उथळ पाणी, वर लहरी वारा. माझी धक्क्यापाशी झाली तीच गत, फक्त पाचशे टनांच्या मापाने!

कान्होजींची माणसं नेमकं याच वेळेवर टपून असत. खाडीत आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं नांगरून उभी. बाहेर शीड दिसलं की नांगराचे दोर सोडून निघायचं. वारा असेल तर शिडावर, नसेल तर गलबतं वल्ही मारत गुराबांना दोर लावून ओढत न्यायची. गाठायचं शत्रूच्या पिछाडीला, जिथे त्याच्या तोफा कमी. गुराबेच्या तोंडच्या तोफा पुढेच रोखलेल्या, म्हणजे नाळ वळली की नेम आपोआप लागला, आणि नाळ वळवायला पुढे गलबतं आहेतच. पहिला मारा डोलकाठ्यांवर, जहाज पांगळं व्हावं म्हणून. ते लुळं पडलं की गलबतं चहूबाजूंनी जवळ यायची आणि तरीही शरण आलं नाही तर दोन-तीनशे माणसं तलवारी घेऊन वर चढायची.

हे आज वाचायला सोपं वाटतं. पण पन्नास गलबतं एकाच खाडीतून अंधारात, एकमेकांची वल्ही न मोडता, दोरात दोर न अडकवता बाहेर काढणं... मला एक होडी धक्क्याला लावता आली नाही हो! त्यासाठी पाणी पाठ असावं लागतं. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो बाहेर पडायला. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो, तो घरी परतायला. भरतीची वेळ काढायला कोकणात आजही साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, पाणी कमी चढतं. अलिबागला उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीत दहा-बारा फुटांचा फरक पडतो. कुलाब्याला ओहोटीत चालत जाता येतं आणि भरतीत गलबत लागतं, म्हणजे किल्ल्याचा रस्ता दिवसातून दोनदा आपोआप बंद होतो. परक्या कॅप्टनला हे कुणी सांगायचं?

विजयदुर्ग तर याचा कळस. वाघोटण खाडीच्या तोंडावर किल्ला आणि त्याच्या आडोशाला आत आरमार. जवळच गिर्ये इथे खडकात खोदलेली गोदी आजही बघायला मिळते. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की बुडाची डागडुजी करायची. पंप नको, वीज नको. चंद्राकडून फुकटात काम करून घेतलंय! सिव्हिलवाल्यांनी इंडस्ट्रियल व्हिजिट तिथे काढायला हरकत नाही.

कान्होजींचा इंग्रजांशी खरा झगडा होता तो दस्तकावरून. या किनाऱ्यावरून व्यापार करायचा तर सरखेलाचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायचं. नाहीतर जहाज धरलं जाईल. इंग्रजांचं म्हणणं, आमचं निशाण हाच आमचा परवाना. शिवाय देशी व्यापाऱ्यांच्या जहाजांना ते आपले परवाने विकत. त्यांच्या कागदपत्रांत कान्होजी म्हणजे समुद्री चाचे. आता, ज्याचा माल गेला त्या व्यापाऱ्याच्या जिवाला काय वाटलं असेल ते मी नाकारत नाही. जहाजं लुटली जात, माणसं कैदेत पडत, खंडणी घेतली जाई. पण छत्रपतींनी नेमलेला अधिकारी आपल्याच किनाऱ्यावर जकात मागतो तो चाचा, आणि सात समुद्र ओलांडून आलेली कंपनी तेच करते तो व्यापार? हे गणित मला तरी सुटत नाही.

नोव्हेंबर १७१२ मध्ये तर त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र यॉटच पकडली. तिच्यावरचा कारवारच्या वखारीचा प्रमुख लढाईत मेला, त्याची बायको कैद झाली. पुढच्या फेब्रुवारीत तीस हजार रुपये घेऊन तिला सोडलं. मुंबईत केवढी खळबळ उडाली असेल! गव्हर्नरने निमूटपणे तह केला.

याच सुमाराला कान्होजी स्वतः मात्र वेगळ्याच अडचणीत होते. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले होते आणि मराठी राज्यात दोन गाद्या झाल्या. कान्होजी ताराबाईंच्या पक्षाचे. शाहूंनी त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं आणि लोहगड, राजमाची घेतले! पाण्यावरचा माणूस घाट चढून साताऱ्याकडे येतो की काय अशी वेळ. तेव्हा शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाई देऊन बोलणी करायला धाडलं. बाळाजीपंत श्रीवर्धनचे, कोकण जाणणारे. १७१४ पर्यंत समझोता झाला. कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानलं, बहिरोपंतांना सोडलं, आणि त्यांच्याकडे सरखेली व लहानमोठे सव्वीस किल्ले राहिले.

माझं स्वतःचं मत असं, की कान्होजींच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड वळण घेण्याची जागा हीच. लढाई जिंकलेली, पेशवा कैदेत, वारा पाठीशी. अशा वेळी शीड उतरवणं कुणाला सुचतं? ते तसेच पुढे घुसले असते तर मराठ्यांतच मोठं युद्ध पेटलं असतं आणि मुंबई-जंजिरा-गोवा टाळ्या वाजवत बसले असते. त्यांनी वेग टाकला, आणि पाठीमागची जमीन कायमची सुरक्षित करून घेतली. त्याचा उपयोग पुढे झालाच.

१७१५ च्या डिसेंबरात चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याने कान्होजींना संपवण्याचा विडाच उचलला. नवी लढाऊ जहाजं बांधली. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला केला, फसला. १७१८ मध्ये खांदेरीवर केला, तोही फसला. १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग. या वेळी इंग्रजांनी एक खास यंत्र आणलं होतं. उथळ पाण्यात किल्ल्याजवळ जाता यावं म्हणून सपाट बुडाचा, जाड भिंतींचा, मोठ्या तोफांचा तरंगता तोफखाना. त्यांना नेमकं कळलं होतं की अडचण पाण्याच्या खोलीची आहे. कल्पना चांगली. पण त्यातल्या तोफांचे गोळे किल्ल्यापर्यंत पोचेनात! डिझाइन रिव्ह्यू न करता प्रोजेक्ट सबमिट केला की काय होतं याचं उदाहरण म्हणून हे मशीन डिझाइनच्या पुस्तकात घालायला हवं.

१७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एक झाले. इंग्लंडच्या राजाची चार लढाऊ जहाजं घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला, दोघांचं मिळून सहा हजारांच्या आसपास सैन्य कुलाब्यावर उतरलं. आता १७१४ चा समझोता कामाला आला. शाहूंकडून पिलाजी जाधव घोडदळ घेऊन आले, पाठोपाठ स्वतः बाजीराव. किल्ल्यावरचा हल्ला मोडला. पोर्तुगीजांनी जानेवारी १७२२ मध्ये मराठ्यांशी परस्पर तह केला आणि इंग्रज चडफडत मुंबईला परतले. १७२४ मध्ये डचांनी सात मोठी जहाजं घेऊन विजयदुर्गावर नशीब आजमावलं. त्यांचीही तीच गत.

४ जुलै १७२९ ला कान्होजी गेले. म्हणजे पावसाळ्यात, जेव्हा कोकणातली जहाजं किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असतात. तीस वर्षं त्यांनी हा किनारा राखला.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण पुढचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. थोरले चिरंजीव सेखोजी १७३३ मध्ये वारले आणि भावाभावांत भांडणं लागली. कुलाबा एकाकडे, विजयदुर्ग दुसऱ्याकडे. विजयदुर्ग शेवटी तुळाजींकडे आला. त्यांचं पेशव्यांशी पटेना, आणि नानासाहेब पेशव्यांनी चक्क इंग्रजांची मदत घेतली. ज्या कान्होजींनी पेशव्याला सोडून समेट केला, त्यांच्या मुलावर पेशव्यांनी इंग्रज आणले. दोष कुणाचा यावर इतिहासाचे लोक अजून भांडतात. मी भांडत नाही, मला फक्त जहाजं दिसतात.

फेब्रुवारी १७५६. ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या पायथ्याशी उभं होतं, आणि सगळी जहाजं एकमेकांना दोरांनी बांधलेली होती. खाडीत, दाटीवाटीने. इंग्रजांचा एक तोफगोळा एका जहाजावर पडून फुटला. त्याने पेट घेतला, त्याच्याकडून शेजारच्याने, त्याच्याकडून पुढच्याने. काही तासांत सगळं आरमार खाक झालं. एक गुराब सुटी होऊन बाहेर निघू शकली नाही. ज्यांची पूर्ण कीर्ती अडचणीच्या जागेतून झटकन सुटून निघण्यावर होती, त्यांचं आरमार बांधलेल्या जागी जळलं. हे मी हॉस्टेलच्या कॉटवर रात्री दीड वाजता वाचलं. दुसऱ्या दिवशी एम-थ्रीची टेस्ट होती. अभ्यास काही झाला नाही.

खांदेरी बेटाला १९९८ पासून कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि खांदेरी आहेत. आपल्या नाशिक जिल्ह्यातला साल्हेरही त्याच यादीत आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो. समुद्रात उभा असलेला आणि आभाळात घुसलेला, दोघे एकाच पंगतीला.

अलिबागच्या त्या मुक्कामात समाधीला जाऊन आलो. भर गावात आहे, आजूबाजूला वर्दळ. थोडा वेळ बसलो. संध्याकाळी काकांनी पुन्हा होडी काढायला लावली. या वेळी मी खालच्या अंगाने आलो, ओहोटीचं पाणी समोरून घेतलं, दहा-बारा फुटांवर नाळ वाऱ्यात धरली. शीड फडफडलं, होडी मंद झाली, आणि हात लांब केला तर धक्का लागेल इतक्या अंतरावर येऊन अलगद थांबली. मला इतका आनंद झाला की मी दोर टाकायचंच विसरलो. वाऱ्याने होडी पुन्हा मागे नेली, शेजारच्या मासेमारीच्या होडीवर. काका धक्क्यावर उभं राहून हसत होते, आणि रूम पार्टनर पाण्यात उतरला होता, मला ओढून आणायला.